सहीपुरती समिती नको, बोलणारी समिती हवी



परिपाठात आपण रोज संविधानाची उद्देशिका म्हणतो. न्याय, समानता, बंधुता हे शब्द पहिलीच्या मुलांनाही पाठ असतात. पण शाळेचे निर्णय घेताना हे शब्द कुठे दिसतात का?

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले होते की, सरकारचा महसूल कष्टकरी रयतेकडून येतो, पण शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गासाठी होतो. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचे केले. पुढे शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलगा-मुलगी शाळेत आली. आता पालक शाळेत आले पाहिजेत, आणि तेही नुसते निकालाच्या दिवशी नाही.

त्यासाठी याच कायद्याच्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही तिची कामे. कागदावर यापेक्षा चांगली लोकशाही कुठे मिळणार?

प्रत्यक्षात मात्र बऱ्याच ठिकाणी बैठक सकाळी अकराला असते. मजुरीला जाणारी आई त्या वेळी आली तर तिचा दिवसाचा रोजगार बुडतो. मग इतिवृत्ताची वही घरी जाते आणि सही होऊन परत येते. गणपूर्ती झाली, पण तिचं म्हणणं कोणी ऐकलंच नाही. मुलींच्या शौचालयाला कडी नाही, सातवीनंतरची शाळा लांब आहे, हे तिला सर्वांत आधी कळतं. याच गोष्टींमुळे मुलीचं शिक्षण थांबतं, आणि घराला वर आणणारी वाटही तिथेच बंद होते.

आपल्यावर कामाचा बोजा आहे, हे मी नाकारत नाही. माहिती भरण्यातच अर्धा दिवस जातो. तरी तीन गोष्टी जमण्यासारख्या आहेत. बैठक संध्याकाळी, लोक कामावरून परतल्यावर घ्यावी, जमल्यास वस्तीवरच. आलेला निधी आणि झालेला खर्च सोप्या मराठीत मोठ्याने वाचून दाखवावा. आणि सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवून पहिल्यांदा बोलायची संधी जी कधीच बोलत नाही त्या आईला द्यावी.

पालकांनीही सही करण्याआधी "यात काय लिहिलंय?" एवढं विचारावं. तो प्रश्न आईने विचारलेला मुलीने ऐकला, की नागरिकशास्त्राचा धडा तिला वेगळा शिकवावा लागणार नाही.