तास नको, तापमान सांगा

"पीठ झाकून रात्रभर, साधारण आठ तास आंबू द्या." इडलीच्या प्रत्येक पाककृतीत हे वाक्य असतं आणि माझं स्पष्ट मत आहे की ते आता छापणं बंद करावं. लिहिणारी पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये असते. वाचणारी एप्रिलमध्ये बीबीला पत्र्याखाली असते. दिवसभर तापलेला पत्रा रात्री अकरालाही गरमच असतो. तिच्या पिठाला आठ तास लागत नाहीत. पहाटे उठून बघावं तर निम्मं पीठ ओट्यावर, उरलेलं आंबटढाण.

मी लोणार तालुक्यातल्या या बीबी गावात इडली-डोशाचं तयार पीठ विकते. सकाळी नाश्त्याच्या हॉटेलवाल्यांना देते, उरलेलं घरगुती गिऱ्हाइकांना. घरच्यांना इडली एक दिवस आंबट लागली तर ते चटणी जास्त घेऊन खातात. गिऱ्हाईक तसं नसतं. ते पिशवी परत आणून म्हणतं, "काकू, काल चांगलं होतं, आज काय झालं वं?" काल आणि आज यांत डाळ तीच, तांदूळ तेच, तासही तेच. फरक फक्त उकाड्याचा.

आंबणं म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घेतलं की बाकीचं सोपं आहे. उडदाच्या डाळीवर मुळातच जिवाणू असतात. त्यांतला ल्युकोनोस्टॉक नावाचा गट आधी कामाला लागतो आणि वायू सोडतो. पीठ फुगतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. त्याला साधारण 25 ते 30 अंश सेल्सियस मानवतं. पारा 35 च्या पुढे गेला की तो मागे पडतो आणि नुसतं आम्ल तयार करणारे दुसरे जिवाणू जोर धरतात. मग पीठ नीट फुगण्याआधीच आंबतं. इडली चपटी होते, वर आंबट. सोडा घातला तर ती फुगेल, पण आंबटपणा काही पूर्ण जात नाही आणि सोड्याची चव लागते ती वेगळीच.

हिवाळ्यात सगळं उलट. आम्ही घाटावरचे लोक. डिसेंबरात रात्री चांगलीच थंडी पडते आणि पीठ सकाळीही जसंच्या तसं असतं. तेव्हा तोच डबा गोधडीत गुंडाळून ठेवावा लागतो. घाटाखाली, खामगाव-मलकापूरकडे, उन्हाळा आमच्याहून कडक. म्हणजे एकाच बुलडाणा जिल्ह्यात, एकाच वर्षात, "आठ तास" हा आकडा कुठे निम्मा पडतो, कुठे दुपटीने चुकतो.

उन्हाळ्यातली माझी रीत सांगते. गरमी पिठात शिरते ती आधी मिक्सरमधून. पातं फिरतं तसं भांडं तापतं आणि वाटतानाच पीठ कोमट होतं. म्हणून डाळ-तांदूळ माठातल्या पाण्यात भिजवायचे आणि वाटताना बर्फाचं पाणी घालायचं. मीठ आधीच घालायचं, त्याने आंबणं जरा मंदावतं. मग स्टीलचा डबा पाण्याने भरलेल्या घमेल्यात उभा करायचा, भोवती ओला बारदाना असा गुंडाळायचा की त्याचं खालचं टोक पाण्यात राहील. बारदाना आपसूक पाणी ओढत राहतो. समोर पंखा. हवा कोरडी असली की पाणी भराभर उडतं आणि जाताना डब्याची उष्णता घेऊन जातं. खोली 35 वर असताना पीठ 27-28 वर राहतं. वाळ्याचा कूलर चालतो तोच हा नियम. फक्त एक ध्यानात ठेवायचं: जूनमध्ये हवेत दमटपणा आला की बारदाना नुसता ओला राहतो, गारवा देत नाही. तेव्हा घमेल्यात बर्फ टाकायचा. फ्रिज लागतो तो पीठ फुगल्यावर, त्याला तिथेच थांबवायला. आधीच फ्रिजमध्ये ठेवलं तर ते फुगतच नाही, आणि लाइट गेली की फ्रिजचाही भरवसा नाही.

या सगळ्यात एकच वस्तू विकत आणलेली आहे: पिठात खुपसायचा थर्मामीटर. किंमत दोन-तीनशे रुपये.

माझा भाचा ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. तिथे स्वतःपुरती बीअर घरी करायला कायद्याची आडकाठी नाही. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय तसं करणं गुन्हा आहे, तेव्हा कोणी त्या वाटेला जाऊ नये. पण त्याची अडचण ऐकून मला हसू आलं, कारण ती हुबेहूब माझीच होती. बीअरच्या नेहमीच्या यीस्टला 18 ते 22 अंश लागतात. पर्थचा उन्हाळा कोरडा आणि कडक. त्यात यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं, म्हणून पिंपातला पारा खोलीपेक्षाही वर चढतो. जास्त गरमीत जड अल्कोहोल तयार होऊन चव उग्र होते. पहिले दोन-तीन दिवस सांभाळले की निम्मं काम झालं, असं तो म्हणाला. त्याचा उपाय काय, तर पिंप पाण्याच्या टबात, त्यावर ओला टी-शर्ट आणि समोर पंखा. मी म्हटलं, "अरे, एवढं शिकायला तिकडे कशाला गेलास? बारदाना इथेच होता."

बीअरच्या धंद्यात उष्णतेचं महत्त्व फार पूर्वी कळलं होतं. जर्मनीतल्या बव्हेरियात 1553 साली एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत बीअर करायलाच बंदी घातली गेली, कारण उन्हाळ्यातली बीअर बिघडायची. इंग्रजांनी हिंदुस्थानात बीअरचे कारखाने काढले तेही कसौली, मरी अशा थंड डोंगरांवर. 1870 च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी थंड करणारं यंत्र बनवलं ते आधी म्युनिकच्या बीअर कारखान्यात लागलं. आज आपल्या घरात फ्रिज आहे त्याचं थोडं श्रेय आंबवणाऱ्यांच्या त्या गरजेला आहे. दारूवाल्यांनी जी शिस्त पाळली, ती इडलीवाल्यांनी पाळायला काय हरकत आहे?

यावर ठरलेला प्रश्न येतो, "आपल्या आजीने कुठे थर्मामीटर लावला होता?" नव्हता लावला, बरोबर. पण तिने घड्याळही लावलं नव्हतं. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजत घालतात. त्याचं पाणी रोज बदलायचं, उकाडा जास्त असला तर दोन वेळा. पाण्याचा वास घ्यायचा, गहू चिमटीत दाबायचा आणि पांढरा चीक सहज बाहेर आला की वाटायला घ्यायचा. तिची खूण वासात आणि बोटांत होती. एकच घर, एकच भांडं आणि वर्षानुवर्षांचा हात, म्हणून ती जमली. नव्याने धंद्यात उतरलेल्या मुलीकडे तो हात यायला काळ जातो, आणि तोवर गिऱ्हाईक थांबत नाही. थर्मामीटर तिला पहिल्या दिवसापासून तो अंदाज देतो.

शेतकऱ्यांनाही हे लागू आहे. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी जीवामृत, म्हणजे पिकांना द्यायचं आंबवलेलं द्रावण, घरोघरी पोचवलं. 200 लिटर पाण्यात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ते सावलीत ठेवा, असं सांगितलेलं असतं. पण शेतात हिंडून बघा, किती निळे ड्रम भर उन्हात उभे दिसतात. प्रमाण सगळ्यांना पाठ असतं, सावली मात्र कोणी लक्षात ठेवत नाही.

आता मुद्द्याचं. बचत गटांच्या बायका आज पीठ, दही, पापड-कुरडया विकतात. 2020 साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत यंत्रासाठी 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान ठेवलं गेलं. चांगलं आहे, ग्राइंडर यावा, पॅकिंगचं मशीन यावं. पण मी बसलेल्या प्रशिक्षणात वेष्टन, लेबल, ब्रँड सगळं शिकवलं आणि आंबवण्यावर "रात्रभर ठेवा" एवढंच सांगितलं. वेष्टन कितीही देखणं असलं तरी फुगून फुटलेली पिशवी कोणी घेत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. गटाच्या प्रत्येक संचात एक थर्मामीटर द्या आणि प्रशिक्षणात तो वापरून दाखवा. पुस्तकं, मासिकं आणि व्हिडिओवाल्यांनी तासांच्या जागी लिहावं: "27-28 अंशांवर, पीठ दीडपट होईपर्यंत." आणि घरी पीठ करणाऱ्या बायांनो, पुढच्या वेळी पीठ आंबट झालं तर डाळीला किंवा हाताच्या गुणाला दोष देऊ नका. आधी पारा बघा.