‘एवढंच?’

आजार मोठा, तर तपासणीही मोठी हवी, हे आपल्या मध्यमवर्गीय मनात पक्के बसलेले गणित आहे. सोनोग्राफी म्हणजे गरोदर बाईची, नाहीतर मुतखड्याची; कॅन्सर म्हटला की सीटी स्कॅन आणि आता तर पेट स्कॅन! माझ्या वहिनींच्या गळ्यातल्या गाठीचा सुईचा रिपोर्ट ‘पॅपिलरी कार्सिनोमा’ असा आला, तेव्हा आमच्याही घरात तेच झाले. पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, ‘मामा, पैशाकडे बघू नका, एकदा सगळं शरीर तपासून घ्या.’ सर्जनने मात्र चिठ्ठीवर लिहिले, मानेची सोनोग्राफी. ‘एवढंच?’ दादाने विचारले.

एवढेच, आणि तेही का, हे नीट समजून घेण्याजोगे आहे. थायरॉइडचा हा कॅन्सर बहुधा सावकाश वाढतो आणि पसरला तर आधी मानेतल्या लसिकाग्रंथींत पसरतो. त्या त्वचेखाली फार खोल नसतात. जाणता हात असेल तर सोनोग्राफीत काही मिलिमीटरची संशयास्पद ग्रंथीही दिसते आणि तिच्यात सुई घालून खात्रीही करता येते. सर्जनला हवे असते ते हेच: नुसती थायरॉइड काढायची, की मानेच्या बाजूच्या ग्रंथीही? रोगट ग्रंथी मागे राहिली तर पुन्हा टेबलावर जावे लागते. तेव्हा मान आतून चिकटलेली असते, आणि आवाजाची नस व कॅल्शियम सांभाळणाऱ्या तांदळाएवढ्या चार ग्रंथी दुखावण्याचा धोका वाढतो. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१५ साली अशा प्रत्येक रुग्णासाठी शस्त्रक्रियेपूर्वी मानेची सोनोग्राफी सांगितली. पेट स्कॅन सरसकट नको, असेही सांगितले.

पेट स्कॅन नको म्हणजे केवळ पैसे वाचवायचे म्हणून नव्हे. सावकाश वाढणारा हा कॅन्सर त्यात पुष्कळदा उजळतच नाही. उजळते ते भलतेच, आणि आपल्या देशात तर क्षयाने सुजलेल्या ग्रंथीसुद्धा. मग त्या ठिपक्याचा पाठलाग सुरू होतो आणि ऑपरेशनची तारीख पुढे जाते. शोधत गेले की सापडत जाते, याचा धडा दक्षिण कोरियाने दिला आहे. तिथे धडधाकट माणसांच्या गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि २०११ साली थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचे प्रमाण १९९३च्या पंधरापट झाले. या कॅन्सरने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले.

पण म्हणून सीटीला सरसकट नाही म्हणणेही चूक. आवाज बसला असेल, गिळताना अडत असेल, गाठ छातीच्या हाडामागे उतरली असेल किंवा मानेत मोठ्या ग्रंथी हाताला लागत असतील, तर हाडाआड आणि श्वासनलिकेमागे सोनोग्राफीची नजर पोचत नाही. तिथे शिरेतून औषध देऊन केलेला सीटी किंवा एमआरआय हवाच. सीटीच्या त्या औषधात आयोडिन असते, त्यामुळे नंतरचा रेडिओआयोडिनचा डोस वाया जाईल, या भीतीने काहीजण सीटी टाळतात. बहुतेकांच्या शरीरातून हे जादा आयोडिन चार ते आठ आठवड्यांत निघून जाते. तेवढे थांबता येते. श्वासनलिकेला चिकटलेली गाठ ऑपरेशनच्या टेबलावर अचानक कळणे परवडत नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. वहिनींचा पहिला सोनोग्राफी रिपोर्ट दोन ओळींचा होता: उजव्या बाजूला गाठ, आकार अमुक. ग्रंथींबद्दल अवाक्षर नाही. सर्जनने तो परत पाठवला. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास यंत्र फिरवले, तेव्हा बाजूची एक ग्रंथी संशयास्पद निघाली, सुईने ती पक्की झाली आणि ऑपरेशनचा बेत बदलला. दोन्हीकडे यंत्र जवळपास सारखेच होते. तेव्हा कोणता स्कॅन, हे विचारून झाल्यावर एक जास्तीचा प्रश्न विचारायला संकोचू नये: ‘मानेच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथी पाहिल्या का, आणि ते रिपोर्टात लिहिलंत का?’