बोटांतल्या मुंग्या आणि मेंदूतला स्पर्शाचा नकाशा: अपस्माराच्या रुग्णांनी घडवलेले संशोधन

मेंदूत इलेक्ट्रोड बसवून हरवलेला स्पर्श परत मिळाल्याच्या बातम्या अलीकडे वारंवार येतात. 2023 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या फाइनस्टाइन संस्थेची अशीच एक बातमी गाजली. पाण्यात सूर मारताना मान मोडल्यामुळे हातापायांतले बळ आणि संवेदना गमावलेल्या एका माणसाच्या मेंदूत 15 तासांच्या शस्त्रक्रियेत पाच चिप बसवल्या गेल्या. पुढे काही महिन्यांनी बहिणीने हात धरल्याचे त्याला जाणवले. जानेवारी 2025 मध्ये शिकागो आणि पिट्सबर्ग येथील संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यापुढचे पाऊल मांडले: मेंदूला ठरावीक क्रमाने विद्युतस्पंद दिल्यावर सहभागी व्यक्तींना कडा, वळण आणि त्वचेवरून काहीतरी सरकल्याचा भास ओळखता आला.

फिटचा आजार असलेल्या घरात अशी बातमी पोहोचली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “हे आमच्यासाठी आहे का?” सरळ उत्तर असे, की आज नाही. या दोन्ही प्रयोगांतल्या व्यक्तींना मणक्याची इजा झालेली होती, अपस्मार नव्हता. फिट थांबवण्याचा हा उपचार नाही. तरीही या बातमीचा अपस्माराशी फार जुना आणि जवळचा संबंध आहे. मेंदूत स्पर्श नेमका कुठे उमटतो हे माणसाला मुख्यतः अपस्माराच्या रुग्णांनीच सांगितले. त्यांनी जे सांगितले ते तुमच्या तपासणीत आजही उपयोगी पडते.

नकाशा कसा तयार झाला

एकोणिसाव्या शतकात लंडनचे डॉक्टर जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी काही रुग्णांच्या फिटमध्ये एक क्रम पाहिला. झटका बहुधा अंगठ्यात, तोंडाच्या कोपऱ्यात किंवा पायाच्या अंगठ्यात सुरू होई आणि तिथून पायरीपायरीने हातभर किंवा अर्ध्या अंगभर पसरे. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचे भाग शेजारीशेजारी मांडलेले असणार, असा अंदाज त्यांनी केवळ निरीक्षणातून बांधला. तेव्हा एमआरआय नव्हता, ईईजीही नव्हता.

स्पर्शाचा पुरावा 1909 मध्ये अमेरिकेत मिळाला. फिट येण्यापूर्वी हातात मुंग्या येणाऱ्या दोन जागृत रुग्णांच्या मेंदूवर, मधल्या मोठ्या घडीच्या मागच्या पट्टीवर, हार्वी कुशिंग यांनी सौम्य वीजप्रवाह दिला. हात हलला नाही, पण रुग्णांनी हातात संवेदना झाल्याचे सांगितले. पुढे माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी अपस्माराच्या शस्त्रक्रियांच्या वेळी हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. खुद्द मेंदूला वेदना होत नाहीत, म्हणून फक्त कवटीवरची त्वचा बधिर करून रुग्णाशी बोलत बोलत शस्त्रक्रिया करता येते. 1937 मध्ये पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी दीडशेहून अधिक शस्त्रक्रियांतल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यातून ते प्रसिद्ध चित्र आले: मोठे ओठ, मोठा हात, छोटीशी पाठ असा विचित्र माणूस. शरीराच्या ज्या भागाने आपण बारकाईने स्पर्श ओळखतो, त्याला मेंदूत जागा जास्त. जॅक्सन यांच्या रुग्णांच्या फिट अंगठ्यात आणि ओठांत का सुरू होत, याचे उत्तरही त्यात बरेचसे आहे.

या नोंदींचा हेतू उपचाराचा होता. फिट सुरू करणारा भाग काढताना हाताचा स्पर्श किंवा बोलणे जाऊ नये, म्हणून आधी नकाशा काढायचा. विज्ञानाला त्याचा फायदा झाला, तो त्यासोबत.

आजही चित्र तसेच आहे, साधने बदलली आहेत. आता बऱ्याच केंद्रांत कवटीला बारीक छिद्रे पाडून केसासारखे नाही, पण बरेच बारीक इलेक्ट्रोड मेंदूत खोलवर सोडतात आणि साधारण आठवडा-दोन आठवडे फिटची नोंद घेतात. त्याला स्टिरिओ ईईजी म्हणतात. 2021 मध्ये फाइनस्टाइनमधील चॅड बूटन यांच्या गटाने, संतोष चंद्रशेखरन हे पहिले लेखक असलेल्या निबंधात, औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या दोन रुग्णांवरील निरीक्षणे मांडली. मेंदूच्या घडीच्या आत खोलवर असलेल्या इलेक्ट्रोडमधून प्रवाह दिला की संवेदना थेट बोटांच्या टोकांना होते, असे त्यांना आढळले. वस्तू पकडताना आपल्याला नेमकी तीच जागा लागते. सुरुवातीला सांगितलेली 2023 ची बातमी याच गटाची.

नकाशात दुरुस्त्याही होत आहेत. 2023 मध्ये ‘नेचर’मधील एका अभ्यासाने दाखवले, की हालचालीच्या पट्टीत पाय, हात आणि तोंड यांच्या मध्ये कृतीचे नियोजन करणारे वेगळे भाग आहेत. 2025 मध्ये केंब्रिजच्या टॅमार मॅकिन आणि सहकाऱ्यांनी हात कापावा लागलेल्या तीन व्यक्तींची शस्त्रक्रियेआधी आणि नंतर तपासणी केली, तर हाताची मेंदूतली जागा हात गेल्यावरही टिकून होती. शेजारचा भाग ती जागा बळकावतो, ही अनेक वर्षे शिकवली गेलेली कल्पना त्यामुळे बरीच डळमळली. कृत्रिम हात बनवणाऱ्यांसाठी ही चांगली बातमी आहे.

मुंग्या येतात, पण फिट कोण म्हणणार?

माझ्या मते रुग्णांसाठी सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. फिट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जमिनीवर पडलेला, तोंडाला फेस आलेला माणूस येतो. पण फिट फक्त स्पर्शाच्या पट्टीत सुरू होऊन तिथेच थांबली, तर बाहेरून काहीच दिसत नाही. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो आणि एवढेच सांगतो, “डाव्या हातात झिणझिण्या आल्या आणि गेल्या.” मग व्हिटॅमिन बी-12 ची इंजेक्शने होतात, मानेचा एक्स-रे होतो, नस दबली असेल म्हणून पट्टा मिळतो. महिने जातात, आणि एक दिवस त्याच झिणझिण्या पुढे सरकून मोठी फिट येते.

फरक ओळखायला काही खुणा आहेत. फिटमधल्या मुंग्या अचानक येतात, काही सेकंद ते एक-दोन मिनिटे टिकतात, प्रत्येक वेळी जवळजवळ तशाच आणि बहुधा शरीराच्या एकाच बाजूला असतात, आणि बोटांकडून वर किंवा हाताकडून चेहऱ्याकडे सेकंदांत सरकतात. मायग्रेनमधल्या मुंग्याही सरकतात, पण सावकाश, पाच ते वीस मिनिटांत. मधुमेहातला बधिरपणा दोन्ही तळपायांत आणि कायमचा असतो. मनगटात नस दबली असेल तर अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री जास्त त्रास देतात. मात्र अर्धे अंग किंवा चेहरा पहिल्यांदाच अचानक बधिर झाला, तर हे निकष लावत बसू नका. तो पक्षाघात असू शकतो. ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा.

ईईजी सामान्य आला म्हणजे फिट नाही, असे नसते. फिटची जागा लहान असेल तर डोक्यावर चिकटवलेल्या तारांपर्यंत तिची खूण पोहोचतच नाही. म्हणून तुमचे वर्णन हीच खरी तपासणी ठरते. नेमके कोणत्या बोटात सुरू झाले, कुठे सरकले, किती वेळ लागला, नंतर हात जड झाला का, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. नातेवाइकांनी जमल्यास मोबाइलवर चित्रीकरण करावे. (कांदा किंवा चप्पल हुंगवण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगाचे.) एमआरआय सहसा करावाच लागतो. आपल्याकडे मेंदूतली पट्टकृमीची गाठ हे अशा फिटचे नेहमी दिसणारे कारण आहे आणि त्यावर उपचार आहेत.

इलेक्ट्रोड बसवायची वेळ आली तर

साधारण एक-तृतीयांश रुग्णांच्या फिट औषधांनी पुरेशा आटोक्यात येत नाहीत. योग्य निवडलेली दोन औषधे योग्य मात्रेत घेऊनही फिट चालू राहिल्या, तर शस्त्रक्रियेच्या केंद्रात तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे यात खूप उशीर होतो, आणि तो बहुधा भीतीमुळे. दिल्लीच्या एम्समध्ये 116 मुलांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक वर्षाने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 77 टक्के मुले फिटमुक्त होती; फक्त औषधांवर असलेल्यांपैकी 7 टक्के. शस्त्रक्रियेत धोका असतोच. त्या मुलांपैकी काहींना नंतर अशक्तपणाही आला, आणि बऱ्याचदा तो शस्त्रक्रियेच्या जागेनुसार अपेक्षित होता. फिट हाताच्या स्पर्शाच्या जागेतच सुरू होत असेल, तर ती जागा काढल्यावर खिशातले नाणे न बघता ओळखणे किंवा शर्टाचे बटण लावणे कायमचे अवघड होऊ शकते. आधी नकाशा काढतात तो यासाठीच. शिवणकाम किंवा दागिने घडवणे हा तुमचा व्यवसाय असेल, तर ते सर्जनला आवर्जून सांगा. त्यांचा निर्णय त्याने बदलू शकतो.

इलेक्ट्रोड लावून खाटेवर पडून असताना एखादा संशोधक येऊन विचारू शकतो, “थोडे प्रयोग करू का?” इथे इतिहास आठवावा. 1874 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट्स बार्थोलो या डॉक्टरने कर्करोगाने कवटी उघडी पडलेल्या एका गरीब स्त्रीच्या मेंदूत सुया घालून वीज दिली. तिला हातापायांत मुंग्या आल्या. प्रवाह वाढवल्यावर झटका आला आणि काही दिवसांत ती गेली. तिच्या उपचाराशी त्या प्रयोगाचा काहीही संबंध नव्हता.

आजची परिस्थिती वेगळी आहे. भारतात आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा प्रयोगाला नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, तुमची लेखी संमती लागते, कधीही माघार घेता येते आणि त्यामुळे उपचारात फरक पडता कामा नये. तरी स्पष्ट विचारा. संशोधनासाठी एखादा जास्तीचा इलेक्ट्रोड घालणार आहात का, की उपचारासाठी घातलेलेच वापरणार? प्रवाह दिल्याने फिट आली तर त्या वेळी खोलीत कोण असेल? त्यासाठी रुग्णालयातला मुक्काम वाढणार असेल, तर त्या दिवसांचे बिल कोण भरणार? आणि फिटनंतर रुग्ण गोंधळलेला किंवा झोपाळू असेल, तर सही त्या दिवशी करू नका. दुसऱ्या दिवशी, नातेवाईक समोर असताना करा.