मेहेरबानी नको, हक्क हवा



कोर्टात किंवा तहसील कचेरीत अर्ज देताना आपण आरंभी 'मे.' असे लिहितो. त्याचा विस्तार 'मेहेरबान', म्हणजे कृपाळू. पुढे 'मायबाप सरकार' येते आणि शेवटी 'कृपा व्हावी' अशी विनवणी. गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या जोहार घालणाऱ्यांची मान धम्मदीक्षेने ताठ झाली. अर्जाच्या कागदावर मात्र ती अद्याप वाकलेलीच आहे!

आमचा आक्षेप शब्द फारसी आहे म्हणून नाही. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, निजामी अमलात न्यायालयांचा कारभार उर्दूत चाले. ती राजवट सप्टेंबर १९४८ मध्ये संपली, शब्द राहिले. त्यांचे मूळ पाहा. 'अदालत' निघाला अरबी 'अद्ल'पासून. त्याचा अर्थ समतोल न्याय. 'मुन्सफ'च्या मुळाशी 'निस्फ', म्हणजे अर्धा, आहे; दोन्ही पक्षांना सारखे माप देणारा तो मुन्सफ. 'हुकूम' म्हणजे मुळात निवाडा. आणि 'हक्क' या शब्दाचा मूळ अर्थ सत्य असा आहे. सत्य कोणी कोणाला दान देत नाही. मग हक्काची भीक का मागावी?

काही पंडित सांगतात, हे यावनी शब्द टाका, 'अधिकार' म्हणा, भाषा शुद्ध होईल. या शुद्ध शब्दाची वंशावळही एकदा तपासू या. जैमिनीच्या मीमांसेत 'अधिकार' म्हणजे यज्ञकर्माची पात्रता, आणि ती शूद्राला नाही असा तेथे निर्णय आहे. ब्रह्मसूत्राच्या ज्या प्रकरणात शूद्राला वेदविद्या नाकारली, त्याचे नाव 'अपशूद्राधिकरण'. आमचे पूर्वज तर या चौकटीच्याही बाहेर होते!

परंतु हाच 'अधिकरण' शब्द पाली विनयात निराळ्या अर्थाने येतो. तेथे अधिकरण म्हणजे तंटा, आणि तो मिटविण्याचे सात मार्ग सांगितले आहेत. पहिला मार्ग 'सम्मुखाविनय': संबंधितांच्या समक्ष निर्णय व्हावा, पाठीमागे नव्हे. बहुमत पाहावयाचे तर शलाका वाटून मते मोजीत. संघाला सभेचे नियम ठाऊक होते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितले होते.

याच शहरात बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद राजाचे नाव आहे. राजसत्तेच्या जोरावर नव्हे, पंडितांच्या रीतीने वाद करणार असाल तरच बोलेन, ही नागसेन भिक्खूची अट त्या राजाने मान्य केली होती. सत्तेपुढे कसे उभे राहावे, याचा धडा त्या नावातच आहे.

१९५६ च्या धर्मांतरानंतर अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना ३४ वर्षे नाकारल्या गेल्या. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली. ती कोणाची मेहेरबानी नव्हती. अखंड मागणीचे ते फळ होते.

म्हणून न्यायासनाला मान अवश्य द्या, पण लाचारी नको. 'मे.'च्या जागी 'मा.' लिहा. 'कृपा व्हावी' खोडून कायद्याचे नाव व कलम लिहा. अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम प्रत्येक घरातील मुलामुलींना पाठ असू द्या. ज्या हाताने त्रिशरण घेताना वंदन केले, त्या हाताने याचनेचा अर्ज लिहू नका!

जय भीम!