उरलेली लोकर, हरियालाचे रंग



स्वेटर पुरा झाला की चार-दोन रंगांचे गुंडे उरतातच. ते पिशवीत पडून राहतात आणि थंडी आली की आपण पुन्हा नवी लोकर आणतो. महिनाअखेरीला हा खर्च जड जातो. बरे, उरलेल्या लोकरीचे विणावे तर मुले म्हणतात, "तुकड्यांची टोपी शाळेत घालणार नाही." हे बोलणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. चारचौघांत मान ताठ राहावी असे मुलांनाही वाटते. मात्र दोष तुकड्यांचा नसतो, रंगांच्या मांडणीचा असतो.

ही मांडणी निसर्गाकडून घ्यावी. फुललेला पळस पाहा. शेंदरी फूल, त्याच्या बुडाशी काळपट तपकिरी मखमल. आपला राज्यपक्षी हरियाल पाहा. डोके राखाडी, मान पिवळसर हिरवी, खांद्यावर जांभळट डाग, पाय पिवळे. सगळे रंग सारख्या मापाने नसतात. एक भरपूर, दुसरा बेताचा, तिसरा जेमतेम. आपणही तोच हिशेब धरावा. मोठा गुंडा मुख्य रंगाला, लहानात लहान गुंडा खांद्यावरच्या डागाला. म्हणजे काहीच वाया जात नाही.

मफलरसाठी मध्यम जाडीची लोकर व ८ नंबरच्या सुया घ्याव्यात. ४० टाके घालून सगळ्या ओळी सुलट विणाव्यात. रुंदी सुमारे ७ इंच होते. एका ओळीला रुंदीच्या चौपट धागा धरावा, म्हणजे २ ओळींना दीड मीटरच्या आसपास. तेवढा नसेल तर तो रंग सुरू करू नये. रंग बदलताना ४ इंच टोक सोडून ते नंतर बोथट सुईने आत ओवावे. सगळे गुंडे एकाच जाडीचे असावेत.

अस्सल लोकर आणि अॅक्रिलिक एकत्र विणू नये. गरम पाण्यात लोकर आटते, अॅक्रिलिक तशी आटत नाही, आणि वस्तू वाकडी होते. ओळखायचे कसे? बोटभर धागा चिमट्यात धरून ताटलीवर जाळावा. केस जळाल्याचा वास आला व राख चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर अॅक्रिलिक. म्हणूनच अॅक्रिलिकची भांडी धरायची फडकी कधीही विणू नयेत. ती वितळून हाताला चिकटतात.

टोपी झाली की मुलाला हरियालाचे चित्र दाखवा. शाळेत कुणी विचारले तर त्याला सांगता येईल, "ही तुकड्यांची नाही, हरियालाची आहे."