खडकातले तेल, उघडी वही

गाय फार पिळली, आणि पिळतानाही अक्कल वापरली नाही, अशा अर्थाचे उद्गार कॅप्टन अँथनी लुकास याने १९०४ साली काढले. गाय म्हणजे टेक्सस राज्यातील ब्यूमॉन्टजवळची स्पिंडलटॉप ही टेकडी. तीनच वर्षांपूर्वी, १० जानेवारी १९०१ रोजी, लुकासच्याच विहिरीतून तिथे तेलाचा फवारा उडाला होता. दिवसाला अंदाजे एक लाख पिंपे या वेगाने तेल नऊ दिवस वाहत होते, तेव्हा कुठे विहिरीच्या तोंडाला झडप बसवता आली. पुढे जे व्हायचे तेच झाले. जमिनीखालचे तेल जो वर काढेल त्याचे, मग ते शेजाऱ्याच्या हद्दीतून सरकत आलेले का असेना, असा अमेरिकी कायद्याचा दंडक होता. थांबेल तो मुकेल. वर्ष-दोन वर्षांत टेकडीवर शेकडो विहिरी उभ्या राहिल्या आणि तेलाचा भाव पिंपाला तीन सेंटपर्यंत कोसळला. खडकातला जो दाब तेल फुकटात वर ढकलत होता, तोच सर्वांनी मिळून उधळला. विहिरी मुक्या झाल्या. तेल बरेचसे खालीच राहिले.

पेट्रोलियम अभियंता नावाचा माणूस जगाला का लागला, याचे उत्तर त्या टेकडीवर आहे. तेल शोधायला भूवैज्ञानिक होते, भोक पाडायला ड्रिलर होते. खाली नेमके किती आहे, ते कोणत्या जोराने वर येते आणि तो जोर कसा पुरवून वापरायचा, हे पाहणारे कोणी नव्हते. अमेरिकेतील खाणअभियंत्यांच्या १८७१ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९१३ मध्ये तेल आणि वायूसाठी स्थायी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद दिले ते लुकासलाच. हात पोळलेल्या माणसाला स्वयंपाकघर सांभाळायला देण्याचे शहाणपण एरवी संस्थांकडे नसते. १९२२ मध्ये समितीचा विभाग झाला, पुढे विभागाची शाखा झाली आणि ६ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘सोसायटी ऑफ पेट्रोलियम इंजिनियर्स’च्या संचालक मंडळाची पहिली बैठक भरली. ‘एसपीई’ या तीन अक्षरांनी ओळखली जाणारी ही संस्था आता सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. लाखाहून अधिक सभासद, शंभरावर देश, टेक्ससमधील मुख्यालय, १९८५ पासून मातृसंस्थेपासून वेगळी कायदेशीर नोंदणी. वर्धापनदिनी सांगायचा हा तपशील इतक्यावर पुरे. संस्थेची खरी मिळकत सभासदसंख्येत नाही.

ती कशात आहे, हे कळायला तेलधंद्याचा स्वभाव आठवावा लागतो. हा धंदा जन्माचा गुप्ततेचा. शेजारच्या रिगवर किती पाइप खाली गेले हे दुर्बिणीतून मोजायला कंपन्या पगारी माणसे ठेवत. खडकाचा नमुना हाती लागला तर त्यावरून जमिनीचे भाव ठरत. आपल्याकडे औषध सांगितले की त्याचा गुण जातो असे मानणारे वैद्य होते आणि त्यांच्याबरोबर त्यांची औषधेही सरणावर गेली. तेलवाल्यांची जात त्याच कुळातली. अशा मंडळींना वर्षातून काही वेळा एका सभागृहात बसवायचे आणि प्रतिस्पर्ध्यांसमोर फळ्यावर आपली आकडेमोड मांडायला लावायचे, हे काम आधी त्या विभागाने आणि नंतर या संस्थेने केले.

१९४२ हे एकच वर्ष पाहा. शेल कंपनीतील गस आर्ची याने त्या वर्षी विभागाच्या कार्यवृत्तात एक निबंध छापला. विहिरीत वीजप्रवाह सोडून खडक किती विरोध करतो ते मोजता येते. खडकाच्या छिद्रांतले खारे पाणी वीज वाहून नेते, तेल नेत नाही. मग विरोधाच्या आकड्यावरून छिद्रांत पाणी किती याचा हिशेब निघतो, आणि उरलेले ते तेल किंवा वायू. हे सूत्र आर्चीने सर्वांसमोर ठेवले. त्याच वर्षी हंबल कंपनीच्या बकली आणि लेव्हरेट यांनी खडकातून तेलाला पाणी कसे ढकलत जाते याचे गणित मांडले. तीन वर्षांनी आर्प्सने विहिरीचे उत्पादन दर वर्षी कोणत्या चालीने घटेल याची वक्ररेषा दिली. आज कोणत्याही देशातला रिझर्व्हायर इंजिनियर सकाळी संगणक उघडतो तेव्हा या तिघाचौघांच्या खांद्यावर बसलेला असतो, त्याला ठाऊक असो वा नसो. आर्चीचे समीकरण शेलच्या तिजोरीत राहिले असते तर शेलची चार-दोन वर्षे बरी गेली असती, इतकेच. (‘रिझर्व्हायर’ला आपण अजून नीट शब्द दिलेला नाही, ‘जलाशय’ म्हटले की डोळ्यांपुढे कोयना येते, आणि तेल काही तळ्यात साठलेले नसते, ते दगडाच्या छिद्रांत मुरलेले असते. तरी पेट्रोलियम म्हणजे शब्दशः ‘खडकातले तेल’, आणि आपल्या आज्यांनी ‘रॉक ऑइल’चे ‘रॉकेल’ करून ते केव्हाच घरात आणले होते.)

दुसरी मिळकत शब्दांची. ‘साठा’ हा तेलधंद्यातला सर्वांत निसरडा शब्द. जमिनीखाली आहे ते वेगळे, त्यातले वर काढता येईल ते वेगळे आणि आजच्या भावात काढणे परवडेल ते आणखी वेगळे. जगभरात सरासरीने खडकातले एकतृतीयांशाच्या आसपासच तेल हाती लागते. तिन्ही आकडे एकाच दमात ‘साठा’ म्हणून सांगितले की शेअर बाजारात दिवाळी होते. जानेवारी २००४ मध्ये त्याच शेल कंपनीला आपल्या ‘सिद्ध’ साठ्यांपैकी सुमारे एकपंचमांश त्या यादीतून खाली उतरवावा लागला आणि दोन महिन्यांत अध्यक्षांना घरी जावे लागले. एसपीईने इतर संस्थांना बरोबर घेऊन २००७ मध्ये साठ्यांच्या वर्गवारीची जी पद्धत पक्की केली, ती या संदर्भात वाचावी. सिद्ध, संभाव्य, शक्य या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला खात्रीचे माप. कोरडे काम. पण कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यात २००५ साली गुजरातच्या सरकारी कंपनीला २० लाख कोटी घनफूट वायू सापडल्याचे ढोल वाजले होते, ते ज्यांना आठवतात त्यांना या कोरड्या कामाची किंमत कळेल. काढण्याजोगा वायू त्याचा लहानसा अंश निघाला आणि २०१७ मध्ये त्या क्षेत्रातला ८० टक्के वाटा ओएनजीसीने घेतला.

भारताचा या इतिहासाशी धागा जुना आहे. १९५७ मध्येच धनबादच्या खनिकर्म विद्यालयात पेट्रोलियम अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. ओएनजीसीला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्याच धनबादचे विद्यार्थी गणेश ठाकूर २०१२ मध्ये एसपीईचे जागतिक अध्यक्ष झाले. संस्थेची मुंबईत शाखा आहे आणि ती असायलाच हवी, कारण १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबई हाय इथे जे तेल शोधले ते या शहरापासून दीडएकशे किलोमीटरवर आहे. जुहूहून हेलिकॉप्टरने चौदा दिवसांच्या पाळीवर जाणारी माणसे आणि उरणला किनाऱ्यावर चढणारी पाइपलाइन, एवढाच त्या तेलाचा मुंबईकराला होणारा परिचय.

मुंबई हायची गोष्ट स्पिंडलटॉपची नव्हे. इथे मालक एक होता, शर्यत नव्हती. पण ऐंशीच्या दशकात देशाची तहान मोठी होती आणि परकीय चलनाची गंगाजळी आटत होती. १९८९-९० च्या सुमारास उत्पादन शिगेला पोहोचले आणि पुढच्या काही वर्षांत असे घसरले की खडकाला विसावा मिळावा म्हणून कित्येक विहिरी बंद ठेवाव्या लागल्या. घाईने उपसले, अशी टीका तेव्हा झाली. ती सर्वस्वी खरी की अर्धी, यावर जाणकारांत मतभेद आहेत. पण लुकासची गाय आठवल्यावाचून राहत नाही. पुढे दोन हजार सालापासून पुनर्विकासाच्या योजना आल्या आणि २०२५ च्या जानेवारीत या म्हाताऱ्या क्षेत्रासाठी तांत्रिक साथीदार म्हणून बीपी या तेलकंपनीची निवड झाली. पन्नाशी उलटलेल्या क्षेत्रातून आणखी तेल काढायचे, तर एवढ्या वर्षांत कुठे काय चुकले हे आधी कागदावर यायला हवे.

नेमके इथेच एसपीईचा हात आखडतो, असे आमचे मत आहे. तिच्या संग्रहात आज लाखांवर निबंध आहेत. त्यांतले बरेचसे यशाचे. नवे रसायन वापरले, उत्पादन वाढले; नवे यंत्र उतरवले, दिवस वाचले. लेखकांत यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस असतो आणि शेवटचा परिच्छेद माहितीपत्रकासारखा वाटतो. कोरड्या निघालेल्या, अडकलेल्या, अर्धवट सोडलेल्या विहिरींवर लिहिणारे थोडे. त्यांना कंपनीची परवानगी मिळणे त्याहून अवघड. आर्चीने जे उघड केले ते यश होते. अपयश उघडे करण्याचे धैर्य अजून या धंद्याने कमावलेले नाही.

अपवाद आहे तो अपघातांचा, आणि तोही माणसे गेल्यावर. १९८८ मध्ये उत्तर समुद्रात पायपर अल्फा फलाटावर १६७ जण गेले. तीन वर्षांनी हेगमध्ये एसपीईने आरोग्य, सुरक्षा आणि पर्यावरण या विषयावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. २६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईला आठवतो. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबई हाय नॉर्थ फलाटाला ‘समुद्र सुरक्षा’ नावाचे जहाज धडकले, वायूचा उभा पाइप फुटला आणि दोन तासांत फलाट समुद्रात गेला. २२ माणसे गेली. शहर तेव्हा स्वतःच बुडत होते, त्यामुळे ही बातमी पाण्याखाली राहिली. सुरक्षेच्या वर्गांत मात्र ती जगभर शिकवली जाते.

आता संस्थेसमोर वयाचा प्रश्न आहे. तेलाचे दिवस मोजणाऱ्या जगात तेलाच्या अभियंत्यांनी काय करायचे? पुण्यात एमआयटीत हा विषय शिकणाऱ्या मुलाला घरचे विचारतातच, की चाळीस वर्षे पुरेल का रे हे. संस्थेतले उत्साही लोक म्हणतात, कार्बन वायू पुन्हा खडकात कोंबायचा तर आम्हीच लागू. त्यात तथ्य आहे. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात १९९६ पासून असा वायू समुद्रतळाखाली गाडला जातो आहे आणि त्याचे गणित तेच आहे, बकली-लेव्हरेटचेच, फक्त उलट्या दिशेने. पण गाडलेला वायू तिथेच राहील याची हमी पिढ्यान्‌पिढ्या द्यावी लागेल, आणि ती हमी द्यायची तर खडकाने कुठे कुठे दगा दिला याची वही पूर्ण असली पाहिजे.

म्हणून येत्या ६ ऑक्टोबरला केक कापण्याआधी मुंबई शाखेने एक करून पाहावे. वर्षातली एक संध्याकाळ फक्त फसलेल्या विहिरींसाठी राखावी. कंपनीचे नाव नको, क्षेत्राचे नाव नको, फक्त खडक, आकडे आणि चूक. त्या संध्याकाळी सभागृहात मागे उभे राहायलाही जागा मिळणार नाही.