आडसालीचं 'आठ साली'

रान आणि यंत्र | नीराकाठकर

मनगट धरल्यापासून हा मजकूर मी फोनला सांगतो आणि तो लिहून घेतो. परवा उसावर चार ओळी सांगत होतो. 'आडसालीचं बेणं' म्हणालो, फोननं लिहिलं 'आठ सालीचं देणं'. शेजारच्या आप्पांना दाखवलं तर म्हणाले, "चुकलं कुठं? आठ साली कर्जमाफी झाली, तरी देणं हायच की!"

फोनला ऊस दिसत नाही. कानावर पडलेल्या आवाजाशी जुळतील असे चार-सहा शब्द तो धरतो आणि आजवर ज्यांची जोडी जास्त वेळा वाचली-ऐकली, त्यांना कौल देतो. बातम्यांत 'अमुक साली' पोत्यानं सापडतं. जुलै-ऑगस्टात लावून सव्वा-दीड वर्ष रानात ठेवायच्या उसाला आडसाली म्हणतात, हे त्याला कोण सांगणार? खोडवा, पाचट, हुमणी, वाढं यांचीही तीच गत. इंदापूरकडं वळलात तर उजनी धरणातल्या चिलापी माशाचंही तेच. आमचे हेल तर वेगळेच.

आमच्या बारामतीला शेतकऱ्याची मराठी यंत्रापर्यंत पोचवायचा खटाटोप नवा नाही. आयआयटी मुंबईनं 2003 मध्ये इथल्या कृषी विज्ञान केंद्राला सोबत घेऊन 'ए-ॲक्वा' सुरू केलं. शेतकऱ्यानं मराठीत प्रश्न टाकायचा, तज्ज्ञांनी उत्तर द्यायचं. उत्तम कल्पना, फक्त प्रश्न टाइप करावा लागे, आणि खुरप्याच्या हाताला कळफलक परका.

पुढं केंद्र सरकारच्या एका प्रकल्पात नेमकी हीच अडचण हातात घेतली गेली. फोन लावा, पिकाचं आणि बाजाराचं नाव बोला, भाव ऐका. सहा भारतीय भाषांत हे काम झालं. मराठीचं आयआयटी मुंबई आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं केलं, आणि त्यासाठी महाराष्ट्रभरच्या शेतकऱ्यांचे आवाज त्यांच्याच गावी, मोबाईलवर नोंदवले. मला यातली मोठी गोष्ट भाव सांगण्याची नाही, आवाज गोळा करण्याची वाटते. स्टुडिओत बसवलेल्या निवेदकाकडून ते काम झालं नसतं, कारण खरा फोन येतो तेव्हा मागं मोटार चालू असते, कुत्रं भुंकत असतं आणि बोलणाऱ्याच्या तोंडात तंबाखू असते.

आता केंद्र सरकारच्या 'भाषिणी' या भाषांतर प्रकल्पानं 'भाषादान' हे संकेतस्थळ उघडलंय. तिथं समोरचं वाक्य वाचून आवाज देता येतो. वाक्य त्यांचं, हेल आपला. पण आमचे शब्द त्या वाक्यांत यायला हवेत ना!

म्हणून एक मागणं. दर जानेवारीत बारामतीत 'कृषिक' हे शेतीप्रदर्शन भरतं, लांबलांबून शेतकरी येतात. तिथं एक मांडव आवाजासाठी ठेवा. माणसाला विचारून, त्याची परवानगी घेऊन, दहा मिनिटं त्याच्या पिकाबद्दल मोकळं बोलू द्या. आणि वाचकहो, मांडवाची वाट न बघता 'भाषादान'वर पाच वाक्यं तरी वाचून या. शहरी मराठी काढू नका, घरी बोलता तसंच वाचा.